धरायच्या आधीची दहा मिनिटं

निवासी शाळेत, वृद्धाश्रमात किंवा मनोविकार वॉर्डात कुणी कुणाला मारलं, चावलं, स्वतःचं डोकं भिंतीवर आपटलं, की नोंदवहीत एकाच धाटणीची ओळ पडते: अमुक वाजता अमुक अचानक हिंसक झाला, चौघांनी धरून आवरलं. ओळ संपली की प्रकरणही संपतं. त्याआधीच्या दहा मिनिटांत काय झालं ते कुणी लिहीत नाही, कारण कुणी विचारत नाही. सांभाळ करणाऱ्या माणसांना या कामाचं शिक्षण द्यायचं म्हणजे काय द्यायचं, याचं उत्तर बहुतांशी त्या न लिहिलेल्या दहा मिनिटांत असतं.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न जरा जास्तच टोकदार आहे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. त्यामुळे अनावर झालेल्या माणसाचा आधी घरात, मग देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या आवारात, आणि फारच झालं तर नांदेडला विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत, असा प्रवास होतो. मुलांसाठी काही चांगल्या जागा उभ्या राहिल्या आहेत. हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’, लातूर शहरात स्वमग्न मुलांसाठी ‘उमंग’. पण जिल्हाभर विखुरलेल्या निवासी शाळांत आणि बालगृहांत प्रत्यक्ष हात लागतो तो काळजीवाहकाचा, मदतनिसाचा, रात्रपाळीच्या मावशीचा, दवाखान्यात ज्यांना सगळे ‘मामा’ म्हणतात त्या वॉर्डबॉयचा. विशेष शिक्षकाकडे पदविका असते, सिस्टरकडे नर्सिंगचं शिक्षण असतं. मावशीकडे स्वतःची लेकरं वाढवल्याचा अनुभव असतो, आणि पहिल्या दिवशी तिला सांगितलं जातं, ‘हा जरा आडदांड आहे, सांभाळून राहा.’ प्रशिक्षण इथे सुरू होतं आणि इथेच संपतं.

ज्ञान मात्र लांब नाही. नांदेडवरून सिकंदराबादकडे जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या टोकाला, मनोविकासनगरात, १९८४ पासून बौद्धिक अक्षमतेवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. मराठवाडा एके काळी हैदराबाद संस्थानात होता, कामानिमित्त तिकडे जायची सवय जुनीच. या कामासाठी मात्र ती वाट फारशी मळलेली दिसत नाही. तिथेच १९९२ मध्ये रीता पेशावरिया आणि एस. व्यंकटेशन यांनी भारतीय मुलांसाठी वर्तन मोजण्याची एक पट्टी तयार केली. तिच्या दुसऱ्या भागात अडचणीच्या वागण्याच्या ७५ बाबी १० गटांत मांडल्या आहेत: तोडफोड, आकांडतांडव, स्वतःला इजा, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करणं, भीती वगैरे. यातली खरी शिकवण यादीत नाही, यादी भरण्याच्या पद्धतीत आहे. ‘आगाऊ आहे’, ‘येडसर आहे’, ‘हट्टी आहे’ असं लिहायला तिथे जागाच नाही. काय केलं आणि किती वेळा केलं, एवढंच लिहायचं. ‘हट्टी आहे’ यावर कुणालाच काही करता येत नाही. ‘जेवणाच्या रांगेत पुढच्या मुलाचे केस ओढतो’ यावर करता येतं.

त्याच्या दहा वर्षं आधी, १९८२ मध्ये, अमेरिकेत ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करणाऱ्या नऊ जणांवर एक साधा पण महत्त्वाचा अभ्यास केला. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवलं: कधी काम सांगितलं, कधी एकटं सोडलं, कधी इजा केली की लगेच लक्ष दिलं, कधी नुसतं खेळू दिलं. एकाच प्रकारचं वागणं, पण कुणाचं ते काम सांगितल्यावर वाढलं, कुणाचं लक्ष मिळाल्यावर, तर कुणाचं एकटं असताना. म्हणजे वरून सारख्या दिसणाऱ्या दोन मुलांना पूर्ण वेगळी वागणूक द्यावी लागते. आज जगभर असे चार हेतू शिकवले जातात: काहीतरी टाळणं, काहीतरी मिळवणं, कुणाचं तरी लक्ष वेधणं, किंवा शरीरालाच ती हालचाल बरी वाटणं.

हे एकदा कळलं की आपल्याकडचे दोन लाडके उपाय उघडे पडतात. पहिला, ‘वर्गाबाहेर काढा’. जो मुलगा वर्ग टाळण्यासाठीच पाटी फेकतो त्याला बाहेर काढणं म्हणजे त्याने मागितलं ते हातात देणं. उद्या तो दोन पाट्या फेकेल. दुसरा, ‘दुर्लक्ष करा, आपोआप थांबेल’. लक्ष वेधण्यासाठी चाललेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष केलं तर ती थांबण्याआधी काही काळ जास्त उसळते, आणि नेमक्या त्याच क्षणी दमलेली मावशी हार मानते. मुलाला धडा मिळतो तो असा, की आणखी जोरात केलं की जमतं. आणि डोकं आपटणाऱ्याकडे दुर्लक्ष करणं तर मुळातच धोक्याचं. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवलेला मार्ग जास्त माणुसकीचा आहे आणि जास्त उपयोगीही: वागण्यातून जे मागितलं जातंय ते मागण्याची सोपी रीत शिकवा. बोलता येत असेल तर ‘मला हे जमत नाही’, येत नसेल तर एक चित्र, एक खूण, हात वर. ती खूण चावण्यापेक्षा लवकर कामाला आली पाहिजे, एवढीच अट. म्हणजे मुलाने हात वर केला की मावशीने हातातलं काम टाकून बघायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. चाळीस ताटं वाढायची असतात तेव्हा नसतं.

एक उदाहरण रचू या. औशाकडची एक निवासी शाळा, सोळा वर्षांचा न बोलणारा, स्वमग्न मुलगा, त्याला बाळू म्हणू. आंघोळीच्या वेळी तो बादली फेकतो आणि जवळ येईल त्याच्या मनगटाला चावतो. सगळ्यांचं मत ठरलेलं: त्याला पाण्याचा राग आहे. शाळेने आठवडाभर फक्त तीन रकाने भरले. आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. सातपैकी तीनच दिवस प्रकार घडला होता, आणि तिन्ही दिवस टँकर उशिरा आल्यामुळे सकाळची आंघोळ संध्याकाळवर गेली होती. राग पाण्याचा नव्हता, मोडलेल्या दिवसाचा होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरला हे वेगळं समजावून सांगायची गरज नसावी: इथे संस्थेचं वेळापत्रक पाण्याच्या पाळीवर चालतं, आणि स्वमग्न मुलासाठी वेळापत्रक हाच पायाखालचा आधार असतो. टँकर वेळेवर आणणं मावशीच्या हातात नाही. पण सकाळीच भिंतीवरचं आंघोळीचं चित्र काढून संध्याकाळच्या जागी लावणं आणि बाळूला ते दोनदा दाखवणं तिच्या हातात आहे. प्रशिक्षणात शिकवायचं ते हे.

पुष्कळदा कारण याहूनही साधं असतं: दुखतंय. न बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत वागणं अचानक बदललं तर आधी दात, कान, पोट बघायचं. किडलेली दाढ, कानाचा संसर्ग, चार दिवसांची बद्धकोष्ठता यांनी माणूस हात उगारतो. म्हाताऱ्या माणसात लघवीच्या संसर्गाने एका रात्रीत भ्रम होऊ शकतो. कालपर्यंत शांत असलेल्या आजी आज सिस्टरला ओरबाडतात, आणि सगळे म्हणतात स्मृतिभ्रंश वाढला. अपस्माराचा झटका येऊन गेल्यावर माणूस काही वेळ गोंधळलेला असतो, तेव्हा त्याला पकडायला गेलं तर तो झटापट करतोच. आणि एक गोष्ट मनोविकार वॉर्डातल्या प्रत्येक मामाला माहीत हवी: काही औषधांनीच अंगात अशी अस्वस्थता भरते की माणसाला एका जागी बसवत नाही, तो येरझाऱ्या घालतो, चिडतो. ती आजाराची खळबळ समजून त्याच औषधाचा डोस वाढवला तर अस्वस्थता आणखी वाढते. डॉक्टर फेरीत पाच मिनिटं बघतात; रात्रभर येरझाऱ्या बघणारा मामाच हे सांगू शकतो. पण त्याने सांगितलेलं लिहून घेण्याची रीत पाहिजे.

भूतकाळही असाच आत बसलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनानंतर दमून झोपलेली गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. वाचलेल्यांच्या मानसिक आरोग्याची पाहणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत काही ना काही मानसिक विकार आढळला होता. कितीतरी मुलं घरापासून दूर वाढली: शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलं पुण्याला नेली, नळदुर्गला पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने ‘आपलं घर’ उभं राहिलं. अशा मुलाने स्लॅबखाली झोपायला नकार दिला, जड ट्रक जाताना किंचाळत बाहेर धाव घेतली, तर त्याला शिस्त लावायची की अंथरूण दाराजवळ घालून द्यायचं? ज्याला मागची हकीकत माहीत आहे त्याला हा प्रश्नच पडत नाही. आजच्या बालगृहांत भूकंपाची मुलं नाहीत, पण मार खाल्लेली, टाकून दिलेली, ऊसतोडीच्या फडांवर वाढलेली आहेत. त्यांच्या फाइलमध्ये जन्मतारीख आणि आधार क्रमांक असतो. कशाला घाबरतो हे नसतं. दर मुलामागे एक पान पुरे: काय आवडतं, कशाने बिथरतं, बिथरण्याआधी काय करतं, कशाने शांत होतं. नवी मावशी आली की पहिलं हे पान तिच्या हातात द्यायचं. डीजेची मिरवणूक संस्थेपुढून जाणार असेल तर कुणाला मागच्या खोलीत न्यायचं, हे त्या पानावरून आधीच ठरतं.

एवढं करूनही प्रसंग येतात. ते येताना पायऱ्यापायऱ्यांनी येतात: आधी बारीक खूण (बोटं चोळणं, एकच शब्द घोकणं, चेहरा लाल होणं), मग चढण, मग स्फोट, मग उतरण, आणि शेवटी रडू किंवा गाढ थकवा. खुणेच्या वेळी माणूस ऐकू शकतो. चढणीवर त्याला एकच छोटं वाक्य कळतं. स्फोटात काहीच कळत नाही. आपण नेमकं उलट करतो. खुणेकडे बघत नाही आणि स्फोटात व्याख्यान देतो. चढणीवर एकानेच बोलायचं, हळू आणि थोडं. समोरासमोर छाती काढून उभं न राहता जरा तिरकं, हाताच्या टप्प्याबाहेर. दार अडवायचं नाही. त्याला हलवण्यापेक्षा बाकीच्या मुलांना हलवणं सोपं आणि सुरक्षित. कोपऱ्यातली मुसळी, कात्री, काचेचा ग्लास नजरेआड. आणि स्फोट ओसरल्यावर लगेच ‘आता सॉरी म्हण’ नको. शरीर पूर्ण निवायला तास-दीड तासही लागू शकतो, आणि त्या वेळात डिवचलं की दुसरा स्फोट पहिल्याहून मोठा होतो.

अंगाशी येणाऱ्या गोष्टींचीही शिकवण असते आणि ती हातांनी घोटावी लागते. चावलं तर हात ओढायचा नाही. ओढल्याने मांस फाटतं. चावलेला भाग किंचित त्याच्या तोंडाच्या दिशेने दाबून धरला की पकड सैल होते. केस धरले तर त्याचा हात आपल्या डोक्यावर दाबून स्थिर करायचा, मग बोटं सोडवायची. कामावर येताना ओढणी पिन केलेली, पदर खोचलेला, काचेच्या बांगड्या काढलेल्या. गळ्यातलं ओळखपत्र ओढताच तुटेल अशा दोरीचं. मंगळसूत्राचा प्रश्न नाजूक आहे, तो हुकूम काढून सुटत नाही; ब्लाउजच्या आत ठेवणं बहुतेक बायांना चालतं. चावा लागून रक्त आलं तर साबणाच्या पाण्याने बराच वेळ धुणं, धनुर्वाताची सुई, आणि मुळात नोकरीवर घेतानाच हिपॅटायटिस-बीची लस. ही लस कर्मचाऱ्याने स्वतःच्या मानधनातून घ्यावी अशी अपेक्षा जिथे असते, तिथे सुरक्षिततेच्या बाकीच्या गप्पा माझ्या कानावर पडत नाहीत.

धरून ठेवणं हा शेवटचा आणि सगळ्यात धोक्याचा भाग. माणसाला पालथं पाडून पाठीवर गुडघा किंवा वजन ठेवलं की श्वासपटलाला हलायला जागा राहत नाही; झटापटीने शरीराला तर जास्तच हवा लागत असते. तो ‘सोडा, श्वास येत नाही’ म्हणतो, आणि धरणाऱ्यांना वाटतं बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे. असं नसतं, दोन शब्द काढण्यापुरती हवा जगण्यापुरती असतेच असं नाही. अमेरिकेतल्या ‘हार्टफर्ड कूरंट’ या दैनिकाने १९९८ मध्ये दहा वर्षांतले असे १४२ मृत्यू शोधून काढले, तेव्हा तिथे कायदा हलला. इंग्लंडमध्ये विंटरबर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातली मारहाण २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने दाखवली आणि अकरा कर्मचारी दोषी ठरले. आपल्याकडे ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमाला लागलेल्या आगीत २८ जण गेले. साखळदंडांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत.

त्यानंतर आलेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. कलम ९५ ने साखळीने बांधणं कोणत्याही स्वरूपात बंद केलं. कलम ९७ नुसार एकांतात कोंडायचं नाहीच, आणि शरीर आवरून ठेवायचं ते तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. पद्धत, कारण, वेळ यांची नोंद, नामनिर्देशित प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवणं, कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे दर महिन्याला अहवाल. शिक्षा म्हणून नाही, आणि केवळ माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. हे शेवटचं वाक्य संस्थाचालकांनी दोनदा वाचावं. एक फट मात्र आहे: या कायद्याच्या व्याख्येत बौद्धिक अक्षमता मानसिक आजारात धरलेली नाही. पण म्हणून निवासी शाळा मोकळ्या सुटत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९२ मध्ये ताब्यातल्या दिव्यांगाला अन्नपाणी नाकारणं, अपमान किंवा मारहाण करणं यांना सहा महिने ते पाच वर्षांची कैद आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ८२ मध्ये बालगृहात शिस्तीसाठी मारल्यास पहिल्याच दोषसिद्धीला दहा हजारांचा दंड आहे.

कायदा भिंतीवर लावून मात्र कुणाचा हात थांबत नाही. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे एक दिवसाची कार्यशाळा: दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं मनोगत, पडद्यावरचं सादरीकरण, जेवण, प्रमाणपत्र. पाठवतात शिक्षकांना, कारण मावशीला पाठवलं तर मुलं कोण बघणार? हातांचं कौशल्य ऐकून येत नाही. सांगणं, करून दाखवणं, करून घेणं, चूक तिथेच सुधारणं, या चारही गोष्टी लागतात, आणि तीन महिन्यांनी पुन्हा लागतात. त्यामुळे एक मोठी कार्यशाळा करण्यापेक्षा दर शनिवारी दुपारी अर्धा तास बसणं मला जास्त कामाचं वाटतं. आठवड्यातला एक प्रसंग घ्यायचा, तीन रकाने फळ्यावर लिहायचे, आणि बोलायची सुरुवात अधीक्षकांनी नव्हे, त्या वेळी तिथे असलेल्या मावशीने करायची. ‘तू काय केलंस’ असं विचारलं की ती गप्प होते. ‘त्याच्या आधी काय चाललं होतं’ असं विचारलं की ती बोलते, आणि बहुतेक वेळा तिला कारण आधीच माहीत असतं. राष्ट्रीय न्यासाची ‘सहयोगी’ ही काळजीवाहक घडवण्याची योजना आहे, सिकंदराबादची संस्था आहे. बाहेरून तज्ज्ञ यावेत, जरूर यावेत. पण वर्षभर टिकणारं शिक्षण शनिवारच्या बैठकीतच होईल.

रात्रपाळीचा विचार वेगळा करावा लागतो. दोन खोल्यांत तीस मुलं, एक मावशी आणि फाटकावर एक पहारेकरी अशी स्थिती असेल, तर त्या दोघांनी मोठ्या मुलाला धरून आवरणं सुरक्षित नाही, असं लेखी सांगून टाकावं. त्यांनी करायचं ते एवढंच: बाकीच्यांना दुसऱ्या खोलीत न्यायचं, त्याच्यावर नजर ठेवायची, दिवा लावायचा, फोन करायचा. रुग्णवाहिकेचा १०८, मानसिक आरोग्याचा सरकारी टेलिमानस १४४१६ आणि अधीक्षकांचा स्वतःचा, हे तीन क्रमांक टेलिफोनशेजारी मोठ्या अक्षरांत हवेत. आणि महिन्यातून एकदा पहाटे तीन वाजता, काहीही घडलेलं नसताना, मावशीने तिसरा क्रमांक लावून बघावा. किती रिंगनंतर उचलला ते नोंदवहीत लिहावं.